दोन कागद आणि आमच्या लेकींचे दोन अंगठे



आज आम्ही जे लिहीत आहोत ते पुष्कळांस रुचणार नाही, आणि ज्यांस रुचणार नाही त्यांच्यात आमचेच सोयरेधायरे आहेत, हे ठाऊक असूनच लिहीत आहोत. बहुजन समाजाला नाडणारा नेहमी बाहेरचाच असतो, असे सभेत सांगितले की टाळ्या पडतात. पण ज्या लुबाडणुकीचा माल आपल्याच घरात, आपल्याच सातबाऱ्यावर येऊन पडतो, तिच्याविषयी बोलण्याची पाळी आली की आमच्या मोठमोठ्या वक्त्यांचा घसा कोरडा पडतो. म्हणून हे काम गावच्या मास्तराने पत्करले आहे.

आमच्या वऱ्हाडात बाईच्या नशिबी दोन कागद येतात. एक सासरचा, त्याचे नाव फारकतनामा. दुसरा माहेरचा, त्याचे नाव हक्कसोडपत्र. दोन्हीवर तिचा अंगठा असतो, दोन्हीत 'राजीखुशीने' हा शब्द असतो, आणि दोन्ही कागद झाले की जिने जन्मभर सरकी टोबली, निंदण केले, कापूस वेचला, तिच्या नावावर वीतभर काळी माती उरत नाही. हीच गोष्ट कारागिराच्या घरची. कुंभाराची बायको माती मळते, कोष्ट्याची बायको कांड्या भरते, शिंप्याची बायको काजेबटणे करते; पण दुकान त्याचे, हत्यार त्याचे, घर त्याचे, आणि तिचे काय? तिचा अंगठा!

गेल्या पोळ्यानंतरची गोष्ट. शाळा सुटल्यावर एक बाई ओसरीवर येऊन उभी राहिली. कापडाच्या पिशवीतून घडी पडून फाटत आलेला एक स्टॅम्प काढून म्हणाली, "गुर्जी, ह्याच्यात काय लेहेलं आहे जी?" आम्ही वाचून दाखविले. उभयतांचे पटत नाही, म्हणून पंचांसमक्ष राजीखुशीने काडीमोड केली; यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क नाही; पोटगी मागणार नाही; दागदागिने व भांडीकुंडी भरून पावले. बाईने विचारले, "भरून पावले म्हंजे काय जी?" आम्ही सांगितले, तुझे सगळे तुला मिळाले असा त्याचा अर्थ. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मले तं एक गुंड अन् दोन लुगडे भेटले व्हते." तिच्या बापाने घातलेली पोत, जोडवी आणि मांडवात आलेली भांडी सासरीच राहिली होती.

आम्ही कागद उलटून साक्षीदारांच्या सह्या पाहिल्या. तिसरी सही आमची होती.

होय, वाचकहो, आमची. पंधराएक वर्षांपूर्वी नवीन मास्तर म्हणून पंचांनी आम्हांस बोलाविले, चहा पाजला, कागद पुढे केला, आणि आम्ही तो पुरता न वाचता सही ठोकली. शिकलेला माणूस म्हणून आमच्या सहीला वजन, आणि ते वजन आम्ही एका निरक्षर लेकीच्या गळ्यात बांधले. तेव्हा जे पुढे लिहितो ते इतरांस शहाणपण शिकविण्यासाठी नव्हे. स्वतःच्या सहीचे प्रायश्चित्त म्हणून लिहितो.

आता पहिला प्रश्न. असा स्टॅम्प केल्याने लग्न मोडते काय?

लगेच कोणी म्हणेल, "मास्तर, काडीमोड ही आपल्या बापजाद्यांची रीत आहे. ज्यांच्या घरी विधवेचे केस कापीत होते त्यांच्याकडे बाईला ही मोकळीक नव्हती. आपल्यात नाही पटले तर काडी मोडावी आणि पाट लावावा." हे खरे आहे, आणि कष्टकरी जातींच्या या जुन्या मोकळिकीचा आम्हांस अभिमान आहे. मुंबई इलाख्याने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. पण वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताशी जोडलेला, म्हणून तो इकडे लागला नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा येईतो आमच्या बायांना या रूढीचाच आधार होता. त्या कायद्यानेही कलम २९ मध्ये रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेविला आहे.

पण नीट ऐका. कायद्याने रूढी राखली, स्टॅम्प राखला नाही! सुप्रीम कोर्टाने २००२ साली साफ सांगितले की, रूढीचा घटस्फोट हा अपवाद आहे. जो तो सांगतो त्याने ती रूढी कोर्टात मांडून सिद्ध केली पाहिजे. आपल्या जातीत ही चाल जुनी आहे, खंड न पडता चालत आली आहे, आणि याच पद्धतीने काडी मोडते, हे साक्षीपुराव्याने दाखवावे लागते. दाखविता आले नाही तर तो कागद रद्दी, आणि लग्न जागच्या जागी कायम! स्टॅम्प पूर्वी शंभराचा होता, आता पाचशेचा झाला, म्हणून त्याची ताकद पाचपट झाली असे कोणी समजू नये. नोटरीचा शिक्का मारल्यानेही काही होत नाही. नोटरीला लग्न लावण्याचा वा मोडण्याचा अधिकार नाही, हे केंद्र सरकारच्या विधि खात्याने २०२४ साली पुन्हा बजाविले आहे.

मग या रद्दीवर विसंबून नवरा दुसरी करतो तेव्हा काय होते? पहिले लग्न जिवंत असता दुसरे करणे हा गुन्हा आहे. त्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. ते दुसरे लग्नही कायद्याने शून्य ठरते. सुप्रीम कोर्टाने १९८८ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरविले की, पहिली बायको हयात व लग्न कायम असता केलेली दुसरी बायको पोटगीपुरतीसुद्धा बायको नव्हे. पुढे २०१३ साली त्याच कोर्टाने एवढी सुधारणा केली की, पहिले लग्न लपवून जिला फसविले तिला पोटगी मिळावी. पण फसविले हे सिद्ध करीत तिने किती दिवस कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या? म्हणजे एका कागदाने दोन घरच्या दोन लेकी बुडाल्या. आणि पहिलीने त्याच कागदाच्या भरवशावर दुसरे घर केले तर गुन्हेगार म्हणून तीही उभी राहते!

आणि जातपंचांचा न्याय तरी कसा? २०२१ साली आमच्याच अकोला जिल्ह्यात काय घडले ते वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचले. एका बाईने कोर्टातून रीतसर घटस्फोट घेतला आणि दुसरे लग्न केले. पंच म्हणाले, कोर्टाचा घटस्फोट आम्ही मानीत नाही. केळीच्या पानावर थुंकून ती थुंकी तिने चाटावी आणि लाख रुपये दंड द्यावा, असा निवाडा त्यांनी दिला! बाई पोलिसांकडे गेली, पंचांवर गुन्हा दाखल झाला. कोर्टाचा कागद जे मानीत नाहीत आणि स्वतःचा स्टॅम्प मात्र ब्रह्मवाक्य समजतात, त्या पंचांना आम्ही विचारतो, ही थुंकी तुमच्या लेकीला चाटायला लावाल काय? अशांसाठीच महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. भटाचे जोखड झुगारले म्हणून मिरवायचे, आणि जातीच्या पंचाला भटाच्या पाटावर नेऊन बसवायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

"पण कोर्ट म्हणजे खर्च, कोर्ट म्हणजे तारखा!" हे रडगाणे आम्हांस पाठ आहे, आणि त्यात खोटे काही नाही. तरीही सांगतो. दोघांचीही खरोखर राजीखुशी असेल तर १९७६ पासून कायद्यात कलम १३-ब आहे. एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावा, सहा महिन्यांनी कोर्ट पुन्हा विचारते, आणि मग हुकूमनामा देते. योग्य प्रकरणी हे सहा महिने कोर्ट माफ करू शकते, असे सुप्रीम कोर्टाने २०१७ साली म्हटले आहे. अकोल्यास आणि अमरावतीस कुटुंब न्यायालये आहेत. बाईला वकिलाचे पैसे नसतील तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक बाईला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, तेथे साधा अर्ज करावा. जो खर्च पंचांच्या जेवणावळीत जातो तो एस.टी.च्या तिकिटात घालावा, एवढेच आमचे मागणे.

येथे एक खुलासा करतो. हिंदू विवाह कायदा हिंदूंबरोबर आमच्या बौद्ध, जैन आणि शीख बांधवांनाही लागू आहे. मेळघाटातल्या कोरकू व गोंड बांधवांना तो लागू नाही. त्यांचे लग्न आणि काडीमोड त्यांच्या रूढीने चालते. मुसलमान भगिनींना १९३९ चा निराळा कायदा आहे, एका दमात तीनदा तलाक म्हणणे २०१९ पासून गुन्हा आहे, आणि घटस्फोटित मुसलमान बाईलाही सर्वांसारखी पोटगी मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितले आहे.

दुसरा प्रश्न. लग्न मोडले तर बाईचे काय?

प्रथम स्त्रीधन. लग्नात, लग्नाआधी वा नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, सोयऱ्यांनी तिला जे दिले, पोत, पाटल्या, जोडवी, भांडी, शिलाईचे यंत्र, शेळी, ते तिचे. नवरा त्यातला भागीदार नव्हे, असे सुप्रीम कोर्टाने १९८५ साली सांगितले. ते तिला परत न देणारा विश्वासघाताचा गुन्हेगार होतो. म्हणून मांडवातच आहेराची यादी करा आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्या. यादी करण्यात लाज नाही. 'भरून पावले' या खोट्या शब्दावर अंगठा घेण्यात लाज आहे.

दुसरी पोटगी. नवऱ्याने टाकलेली वा घटस्फोट झालेली, पण पुन्हा लग्न न केलेली बाई फौजदारी कोर्टात पोटगी मागू शकते. पूर्वी याला कलम १२५ म्हणत, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १४४ झाले आहे. पोरांची पोटगी निराळी. 'पोटगी मागणार नाही' असे स्टॅम्पावर लिहून दिले म्हणून हा रस्ता बंद होत नाही, हे प्रत्येक घरी कळू द्या. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे दोघांनाही आपली मिळकत व कर्ज शपथेवर सांगावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. "आमची कोरडवाहू, पिकत काही नाही," असे नवरा म्हणणारच. त्यासाठी सातबारा, बाजार समितीच्या पट्ट्या, जिनिंगच्या पावत्या, पीककर्जाचा उतारा यांची नक्कल जपून ठेवावी. कापूस तिनेच वेचला आहे, किती क्विंटल झाला हे तिच्याइतके कोणाला ठाऊक?

तिसरे घर. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने, ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क दिला. घर सासू-सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्याच कारणाने तिला बाहेर काढता येत नाही, असे २०२० साली सुप्रीम कोर्टाने म्हटले. पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे.

आणि चौथी जमीन. येथे आमची लेखणी थांबते, कारण येथे कायदाही थांबतो! संसारात दोघांनी मिळून जे कमावले त्याची काडीमोडीच्या वेळी दोन वाटे करा, असा नियम हिंदू विवाह कायद्यात नाही. लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या आहेराची व्यवस्था कोर्ट कलम २७ ने लावू शकते. पण वीस वर्षे राबून घेतलेले दोन एकर, खणलेली विहीर, बांधलेले घर, हे ज्याच्या नावावर त्याचे. आणि नाव कोणाचे असते ते आम्ही सांगावे काय?

जगात सगळीकडे असेच आहे असे कोणी म्हणू नये. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळेपासून नियम असा की, लग्नाआधी निराळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची सामाईक, आणि फारकत झाली तर निम्मी निम्मी. तेथील नांगर काही सोन्याचे नाहीत! मग वऱ्हाडातल्या बाईच्या घामाला निम्म्या वाट्याचा भाव का नसावा? घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावरात वाटा देणारे एक बिल राज्यसभेने २०१३ साली मंजूर केले होते. लोकसभेत ते पडून राहिले आणि २०१४ साली लोकसभेबरोबर बुडाले. त्याच्यासाठी कोणी रास्ता रोखला नाही. कापसाला भाव नाही म्हणून आम्ही रस्त्यावर बसतो, ते योग्यच आहे. पण कापूस वेचणारीला वाटा नाही म्हणून किती बसलो?

आता माहेरचा कागद. लेकीचा वाटा सासरी नाही, ठीक. मग माहेरी तरी आहे ना? कायद्याने आहे. महाराष्ट्राने १९९४ साली, आणि साऱ्या देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून, वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. १९९४ च्या कायद्याने तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. २००५ च्या कायद्याने तेही काढून टाकले. बाप त्या तारखेला जिवंत होता की नाही हे पाहावयाचे नाही, असे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये ठरविले. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मोडत नाहीत.

पण कायदा पुस्तकात राहतो, आणि बाप वारल्यावर दिवस होतात न होतात तोच भाऊ बहिणींना मोटारीत घालून निबंधकाच्या कचेरीत नेतो. "माहेर तुटेल," एवढे एक वाक्य पुरते. बहीण विचार करते, सासरी भांडण झाले तर जाईन कुठे? दिवाळीला, आखाजीला कोण नेईल? त्या भीतीने ती अंगठा देते, आणि पुढे ज्या दिवशी नवरा खरोखर बाहेर काढतो त्या दिवशी माहेरच्या दारात तिला कळते की, आपण माहेर राखण्यासाठी जो कागद दिला त्यानेच माहेर गेले. भावजय म्हणते, "दोन दिवस राहा, मग पाहू." साडीचोळीच्या मोलात एकरांचा सौदा करणारे आम्ही, सावकाराला कोणत्या तोंडाने नावे ठेवतो? तोही अंगठाच घेत होता!

हे बोल नवे नाहीत. याच वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांचा कान धरला होता, आणि त्यांच्यावर लोक तुटून पडले तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत बायकांना वारसा व घटस्फोट देणारे हिंदू कोड बिल रखडविले हे एक मोठे कारण होते. शेतकरी संघटनेच्या बाया १९८६ साली चांदवडला लाखांनी जमल्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. सरकारनेही १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याने तहसीलदाराकडे अर्ज करावा, बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून चढते. सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नसला तरी, ज्या बाईचे नाव त्यावर आहे तिला डावलून जमीन विकणे सोपे राहत नाही. त्यांच्या तसबिरींना हार घालणारे आम्ही, आमच्यापैकी कितीजणांनी तो अर्ज भरला?

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. फारकतीच्या स्टॅम्पावर कोणी शहाण्याने साक्षीची सही करू नये. मास्तरांनी, ग्रामसेवकांनी, पोलीस पाटलांनी तर मुळीच नाही. लेकीने वाचून घेतल्याशिवाय, आणि एक रात्र मध्ये गेल्याशिवाय, कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नये. काडी मोडायचीच तर कोर्टात मोडावी, आणि पोटगी व स्त्रीधन त्या हुकूमनाम्यात लिहून घ्यावे. बहिणीचा हक्कसोड मागू नये. तिने आपण होऊन देऊ केला तरी भावाने हात आखडावा. आणि घरधन्याने लक्ष्मीमुक्तीचा अर्ज या पेरणीपूर्वी भरावा.

हे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे काय, असे कोणी विचारील. नव्हता. आमच्या वडिलांच्या साडेतीन एकरांवर आज एकट्या आमचे नाव आहे, आणि ते तसे आहे कारण आमच्या थोरल्या बहिणीने हक्कसोड करून दिला. ती रडली नाही, भांडली नाही, परतताना फक्त म्हणाली, "बापू, आखाजीले नेत जाय." वहिवाटच तशी म्हणून आम्ही ते मनाला लावून घेतले नाही. ती ओसरीवरची बाई येऊन गेल्यावर मात्र आम्हांस झोप लागेना. घरात बोललो, घरचीने प्रथम तोंड फिरविले, मग म्हणाली, "मायाही भाऊ असंच करते, पण तुमी तरी नका करू." बहिणीच्या नावे निम्म्या हिश्श्याचे बक्षीसपत्र करून तिचे नाव सातबाऱ्यावर पुन्हा चढविण्याची तजवीज आम्ही चालविली आहे. त्या बाईलाही तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे घेऊन गेलो. वकील मिळाला, अर्ज पडला. कागदावर साक्षीदार म्हणून आमची सही आहे, तेव्हा कोर्टात उभे राहून 'मी न वाचता सही केली' असे आम्हांस शपथेवर सांगावे लागेल. गाव हसेल. हसू द्या. खोट्या साक्षीने जे केले ते खऱ्या साक्षीने फेडता आले तर त्यात आमचा तोटा काही नाही.

आता तुमच्या पेटीतले कागद काढा, बंधूंनो, आणि पाहा कोणाकोणाचा अंगठा आहे त्यांवर.